किलवणी, खड्डा क्रमांक तीन

सिल्वासातल्या माती प्रयोगशाळेत नथू अहिरेविषयी दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. ओली माती बोटांत मळून तिची पट्टी काढली की यंत्राच्या आधी तो तिची जात सांगायचा. आणि नळकांड्यांकडे तो कायम पाठ करून बसायचा.

माती पाण्यात ढवळून ती काचेच्या उंच नळकांड्यांत ठेवतात. वाळू पटकन तळाला जाते, चिकणमाती मात्र दिवसभर पाण्यात लोंबकळत राहते. किती जाड थर किती वेळात बसला हे बघणं म्हणजे त्या कामाचं अर्धं अंग. आणि हा गडी भिंतीकडे तोंड करून माती कुटत बसलेला. नवी पोरं चिडवायची, "काका, नळकांडं चावतं का?" नथूही हसायचा. मान काही वळवायचा नाही.

कारण त्या रांगेत एक नळकांडं रोज किलवणीचं असायचं. शेतकऱ्यांच्या नमुन्यांबरोबर एक ओळखीची माती तपासायची अशी रीत आहे. तिचे आकडे नेहमीसारखे आले, तर बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा. ही ओळखीची माती म्हणजे किलवणीचा खड्डा क्रमांक तीन. एकवीस वर्षांपूर्वी नथूनेच तो खणला होता आणि दोन पिंपं भरून माती आणली होती. शंभरात चौपन्न भाग चिकणमाती. तिचं पाणी संध्याकाळपर्यंत निवळत नसे. भर दुपारी, पंखा फिरत असताना, शेजारी कुणीतरी मोबाइलवर बोलत असताना नथूला वाटायचं, त्या गढूळ पाण्यात कुणीतरी उभं आहे आणि आपल्या पाठीकडे बघतंय.

कोण उभं आहे तेही त्याला ठाऊक होतं.

नथू मूळचा धुळ्याकडचा, साक्रीजवळचा. सूत गिरणीत काम मिळेल म्हणून आला, नरोलीत खोली घेतली, गिरणी वर्षभरात बंद पडली आणि तो मातीच्या सर्व्हेत रोजावर खड्डे खणायला लागला. तिथल्या अनंत साहेबांनी त्याचा हात ओळखला. साहेब कोकणातले, बोलायला गोड आणि कामाला कडक. एखाद्या गावात वेगळी माती सापडली आणि ती नीट तपासून झाली की तिला त्या गावाचं नाव मिळतं. किलवणीच्या नावाची माती कागदावर आणायची, हा साहेबांचा ध्यास होता.

जागा त्यांनी फार विचाराने निवडली. उतार जिथे संपतो तिथली सखल, काळी जमीन. शेत सुकदेवचं. तिशी-पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. भात कापून झाला होता, नोव्हेंबर संपत आला होता. सुकदेव स्वतः पाटी घेऊन दिवसभर नथूबरोबर राबला. पाच फूट खड्डा झाला, थराथराची माती पिशव्यांत भरली. फोटो तेवढा राहिला. खड्ड्याची भिंत पूर्वेकडे तोंड करून तासलेली होती, सकाळचं ऊन तिच्यावर सरळ पडणार होतं.

"एक रात्र उघडा राहू दे," साहेब म्हणाले. "तीस वर्षांची सरासरी बघितलीय मी, या दिवसांत पाऊस नसतो. भोवती बोराटी लाव. सकाळी मी यायच्या आधी काढून ठेव, भिंतीवर सावली नको."

बोरीच्या काटेरी फांद्या उघड्या खड्ड्याभोवती रचायच्या, म्हणजे गुरं आत पडत नाहीत. नथूने त्या तोडून आणल्या, रचल्याही. मग त्याच्या मनात आलं, सकाळी एवढ्या सगळ्या परत काढायच्या, हात सोलवटून घ्यायचे, त्यापेक्षा आत्ताच बाजूला ठेवू. जेमतेम दहा मिनिटांचं काम वाचत होतं. त्याने बोराटी बांधापाशी ढिगाने टाकली आणि नरोलीचा टेम्पो पकडला.

त्या रात्री पाऊस आला. सरासरी कागदावरच राहिली. अख्ख्या उताराचं पाणी त्या सखल तुकड्यात उतरलं.

सकाळी नथू सगळ्यांच्या आधी पोचला. खड्ड्यात छातीएवढं पाणी होतं आणि त्यात सुकदेव पालथा होता. नथूने त्याला ओढून काढलं. तोंडाला ताडीचा वास नव्हता. उजव्या मुठीत बोराटीची फांदी घट्ट धरलेली होती, काटे तळव्यात रुतले होते. बांधापाशी फांद्या पडलेल्या पाहून तो त्या परत रचायला गेला होता. कुणाची गुरं पडू नयेत म्हणून. चार फांद्या रचल्याही होत्या. चिखलात पाय सरकला असणार.

नथूने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने एकेक बोट उलगडून ती फांदी सोडवली आणि लांब भिरकावली. मग उरलेली बोराटी भराभर खड्ड्याभोवती रचली आणि मगच ओरडला.

छातीएवढ्या पाण्यात धडधाकट माणूस बुडत नाही, असं जो तो म्हणाला. मग बुडला कसा? प्यालेला असणार. गावाने ते मानलं, चौकशीच्या कागदानेही तेच लिहिलं. अनंत साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "बोराटी लावली होतीस ना, नथू?"

"लावली होती साहेब."

साहेबांनी त्यावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास घेऊनच काही वर्षांनी गेले. पण त्या मातीच्या अहवालात फोटोची चौकट त्यांनी रिकामीच ठेवली. नथू पुढे कायम झाला, लग्न झालं, पोरं शिकली. बायकोने, मंजुळाबाईने, कितीदा विचारलं, की साक्रीहून परतताना तुम्ही किलवणीच्या रस्त्याने का येत नाही, लांबचा फेरा का घेता. तो म्हणायचा, तिकडे खड्डे फार आहेत. आणि रोज सकाळी किलवणीची मूठभर माती खलबत्त्यात कुटायचा, चाळायचा, आणि पाठ फिरवायचा. देवाने शिक्षा दिली असती तर ती एवढी नेमकी दिली नसती, असं मला तरी वाटतं.

गेल्या डिसेंबरात, त्याच्या निवृत्तीला महिना असताना, मनीषा मॅडम आल्या. मुंबईच्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या. जुन्या मात्या पुन्हा तपासायच्या, उतार नव्याने मोजायचे, पावसाचे नवे आकडे जोडायचे, असं काम त्यांच्याकडे होतं.

"काका, खड्डा क्रमांक तीनची जागा फक्त तुम्हालाच माहीत आहे म्हणे."

नथूने त्यांना नेलं आणि चुकीची जागा दाखवली. सुकदेवच्या शेतापासून चार शेतं वर, उतारावर. खड्डा खणला तर दोन फुटांवर मुरूम लागला. प्रयोगशाळेत चिकणमाती भरली शंभरात एकतीस.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "जुने आकडे आणि हे, काहीच जुळत नाही. फोटोही नाही. काका, स्पष्ट विचारते. तुमच्या साहेबांनी हे आकडे बसल्याजागी तर लिहिले नाहीत ना?"

नथूला साहेब आठवले. तो माणूस उन्हात उपाशी उभा राहून मातीचा रंग ताडून बघायचा. आता तोही खोटा ठरणार होता.

"जागा विसरलो असेन," नथू पुटपुटला.

"मग शेतवाल्यांनाच विचारू. नाव आहे कागदावर, सुकदेव. कुणीतरी असेलच घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते सुकदेवच्या दारात उभे राहिले. बाहेर आली सरुबाई, सुकदेवची बायको. केस पिकलेले, अंगाने वाळलेली, पण ताठ. तिने नथूला ओळखलं.

"नथूभाऊ ना तुम्ही? किती वरसांनी." तिने पाणी दिलं. नथूने ते तसंच खाली ठेवलं.

मॅडमनी खड्ड्याचं विचारताच ती शेतात चालू लागली आणि बरोबर त्या जागी थांबली. इतकी बरोबर, की नथूचे पाय मागच्या मागे वळायला बघत होते.

"इथं," सरुबाई म्हणाली. "माझा माणूस पिऊन पडला तो खड्डा." आणि बाजूला थुंकली. "बाई, पोर माझी तेव्हा रांगत होती. जित्तेपणी एक थेंब पेला नाय आणि त्याच रातीला कुणाबरोबर पेला कोण जाणे. पिणाऱ्याची बायको म्हणून जन्म काढला मी. आजबी नाव काढलं त्याचं का तोंड कडू होतं."

मॅडम अवघडून वहीत बघू लागल्या. आता नुसतं हूं म्हटलं असतं, की सगळं निभावलं असतं. मॅडमना जागा मिळाली होती, साहेबांचे आकडे खरे ठरणार होते, नथू महिन्याभरात घरी बसणार होता.

"वहिनी," नथू म्हणाला, "तो पिला नव्हता."

सरुबाईने वळून पाहिलं.

"मी पहिला आलो होतो. त्याच्या तोंडाला वास नव्हता." मग त्याला थांबता आलं नाही. दहा मिनिटांचं काम, बांधापाशी टाकलेली बोराटी, मुठीतली फांदी, एकेक उलगडलेलं बोट, साहेबांना सांगितलेलं खोटं. सगळं त्याने उभ्या उभ्या सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता, आणि ती सुकत आलेली काळी जमीन पायाखाली बारीक भेगा धरत होती.

तो शिव्यांची वाट बघत राहिला. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सरुबाई मटकन खाली बसली. ती मातीवरून नुसता हात फिरवत होती.

"गुरं पडू नयेत म्हणून गेला तो?"

"हो."

"दर साली नवा भात शिजवते," ती म्हणाली, आणि ते ती नथूला सांगत नव्हती, मॅडमनाही नाही. "पहिला घास गेलेल्यांच्या नावाने काढते. सासऱ्याच्या, सासूच्या, माझ्या मेलेल्या दिराच्या. नाव घेऊन हाक मारते, या, जेवून जा. त्याला कधी हाक मारली नाय मी. म्हटलं, दारूड्याला कशाला. एकवीस साल." तिचा आवाज फुटला. "सगळे जेवून जात आणि तो दारात उभा राहत असेल ना? उपाशी ठेवला मी त्याला. काय केलं नसताना उपाशी ठेवला."

नथूने तिचे पाय धरायला हात पुढे केले. तिने ते झटकले.

"माफी नको मागू माझी. माझ्याकडं नाय ती." ती उठली, डोळे पुसले. "नवा भात आहे घरात. शिजायला अर्धा तास लागेल. तू जायचं नाय. मी हाक मारली तर तो यायचा नाय, माझ्यावर रुसला असेल. तू बोलव. काय झालं होतं ते सांगून बोलव. मोठ्यानं, आजूबाजूला ऐकू जाईल असं."

मनीषा मॅडमनी वही मिटली. त्या निघाल्या नाहीत.

भात शिजला. सरुबाईने पानावर एक घास काढला आणि ते पान शेताच्या कडेला ठेवलं. शेजारच्या शेतात तूर तोडणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. ऊन चांगलंच चढलं होतं. नथू उभा राहिला. पहिल्या खेपेला तोंडातून नुसती हवा आली. सरुबाई त्याच्याकडे बघत होती. त्याने डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले, कारण मिटल्यावर ते गढूळ पाणी दिसत होतं.

"सुकदेवभाऊ," त्याने हाक मारली, "तू पिला नव्हतास. बोराटी मी काढली होती. ये. जेवायला ये."

सरुबाईने पानाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि जरा बाजूला सरकून बसली.