गैरहजर पोरांचा वरचा नंबर

"काका, यादी मशीननं काढलीय. मशीनला कुणी सगेसोयरे नसतात," क्लासचे संचालक सर समोरच्या माणसाला समजावत होते.

मशीनला नसतील. पण निकालाचा प्रोग्रॅम सरांच्या सख्ख्या भाच्यानं लिहिला होता. पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्यानं फुकटात लिहून दिला. माझी नांदेडला सॉफ्टवेअरची छोटी फर्म आहे. त्या फुकटच्या प्रोग्रॅमला पालकांचे व्हॉट्सॲप मेसेज जोडायला मला लातूरला बोलावलं होतं. पहाटेच्या एसटीनं आले, जोडणी केली आणि चहा पीत बसले होते.

समोरचे गृहस्थ शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी. शेजारी त्यांची मुलगी प्रज्ञा, नीटची तयारी करणारी. फिजिक्सच्या टेस्टनंतर ती वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये गेली होती.

"खालीच बसायचं तर गावचं कॉलेज काय वाईट हाय? रूमचं सामान जीपमदी भरलंय. चल गं," वडील म्हणाले.

मुलगी हलली नाही. "सर, ऋषी माझ्या वर कसा? तो टेस्टला आलाच नव्हता. औशाला लग्नात होता. डीजेपुढं नाचतानाचा स्टेटस सगळ्यांनी बघितलाय."

"बाळा, डेटा बोलतो. स्टेटस नाही," सर म्हणाले. अशी वाक्यं ते सेमिनारमधून आणतात.

मला राहवलं नाही. मी फाइल उघडली.

इथं थोडं समजावून सांगते. मुलं गोल रंगवतात ती ओएमआर उत्तरपत्रिका. ती तपासणारं मशीन एक एक्सएमएल फाइल देतं. एक्सएमएल म्हणजे स्वयंपाकघरातले चिठ्ठ्या लावलेले डबे समजा. एका डब्यावर 'नाव', एकावर 'रोल नंबर', एकावर 'गुण'. आत असतो तो नुसता मजकूर. त्या मजकुराचा आकडा करून घेणं हे प्रोग्रॅमचं काम. गैरहजर मुलाच्या गुणांच्या डब्यात काहीच नव्हतं. रिकाम्या मजकुराचा आकडा करायला गेलं की प्रोग्रॅम अडतो आणि लाल अक्षरांत तक्रार करतो. ती तक्रार म्हणजे देवाची कृपा असते, चूक लगेच कळते. भाच्याला ती दिसायला वाईट वाटली असावी. त्यानं लिहून ठेवलं होतं, रिकामं आलं तर शून्य धर.

आता नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. पेपर सरांनी स्वतः काढलेला. मुलांना काय येतं यापेक्षा सरांना काय येतं हे कळावं, असा. त्यामुळे निम्मी बॅच उणे गुणांत. प्रज्ञाला उणे तीन. आणि टेस्टच्या दिवशी दाट लग्नतिथी असल्यानं बरीच मुलं मांडवात. त्या सगळ्यांना शून्य. शून्य उणे तीनपेक्षा मोठं, हे मशीनला पक्कं ठाऊक. जिलेबी खाणारे वर, पेपर सोडवणारे खाली.

सरांच्या डोक्यामागेच नियमांचा बोर्ड होता. न कळवता गैरहजर राहणारे खालच्या बॅचमध्ये, मग उरलेल्या जागांवर कमी गुणवाले. पण प्रोग्रॅमच्या लेखी गैरहजर कुणी नव्हतंच. शंभर टक्के हजेरी.

मी हे सांगितलं. सरांनी माझ्याकडं न बघता भाच्याला फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, सिंपल आहे. शून्याच्या जागी उणे नऊशे नव्व्याण्णव टाकायला सांगा. सगळे ॲबसेंट आपोआप तळाला."

"बघा मॅडम! याला म्हणतात डोकं."

"सर, त्यानं दुसरं काहीतरी बिघडेल," मी म्हणाले.

"तुम्ही टाका हो."

टाकलं. गिऱ्हाईक म्हणजे देव, आणि देवाला समजावता येत नाही. यादी खरंच सुधारली. सरांनी कौतुकानं बटण दाबलं आणि सगळ्या पालकांना मेसेज गेले. मेसेजमध्ये बॅचची सरासरीही जात होती. ती निघाली उणे दीडशेच्याही खाली. पेपरातले सगळेच्या सगळे प्रश्न चुकवले तरी इतकं खाली जाता येत नाही.

सरांचा फोन वाजू लागला. रेणापूरचे एक पालक इतक्या जोरात बोलत होते की स्पीकरची गरज नव्हती. "काय शिकवायलात सर तुमी? व्हतं नव्हतं ते बी काढून घ्यालात का काय पोरांचं?"

भाच्याचा फोन तोवर स्विच ऑफ.

"मॅडम, तुमच्या पद्धतीनं करा," सर हळू आवाजात म्हणाले.

माझ्या पद्धतीत कसलीही हुशारी नाही. आधी मजकूर म्हणूनच वाचायचं. रिकामा असेल तर त्याचा आकडा करायचाच नाही, 'गैरहजर' असं वेगळं नोंदवायचं. रँकमध्ये नाही, सरासरीतही नाही. चार-पाच ओळींचं काम. नवी यादी निघाली. खालच्या बॅचच्या जागा मांडवातल्या मंडळींनीच भरल्या. प्रज्ञा वरच्या बॅचमध्ये राहिली.

प्रकरण मिटवायच्या घाईत सर एकदम उदार झाले. "काका, झाला त्रास तुम्हाला. हिचेही शून्य करून टाकू का? मेसेजमध्ये बरं दिसेल."

"नको," मुलगी ताडकन म्हणाली. "उणे तीन माझे आहेत. मी पेपर सोडवलाय."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, उणं म्हंजे शून्याच्या बी खालीच की हो?"

"हो. पण ते पेपरला बसून मिळवावं लागतं," मी म्हणाले.

"लई जिद्दी हाय. आईवर गेलीय." असं म्हणत ते जीपमधलं सामान उतरवायला बाहेर गेले. गार झालेला चहा मी घाईघाईनं पिऊन टाकला.

धडा एवढाच. डबा रिकामा दिसला तर आधी विचारावं, माल संपलाय की भरलाच नव्हता. प्रोग्रॅमला हे शिकवायला अर्धा तास लागला. सर अजून भाच्यालाच हुशार म्हणतात.