अनुसयाकाकूंची झोप

अनुसयाकाकू जेवायला वाढता वाढता भिंतीला टेकून पेंगतात, हे बिरसी गावात सगळ्यांना माहीत आहे. लोक म्हणतात, वय झालं. वय कसलं डोंबलाचं! आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे खरं कारण मला ठाऊक आहे. त्या कारणाचं नाव यादोराव, म्हणजे काकूंचे यजमान.

यादोरावकाकांचा श्वास झोपेत अडकतो. घोरता घोरता एकदम गप्प होतात आणि मग बुडता माणूस वर यावा तसे धापा टाकत उठतात. गोंदियाच्या डॉक्टरांनी त्यासाठी एक मशीन घ्यायला लावली. नाकावर मास्क, त्याला नळी, आणि मशीन रात्रभर हवेचा दाब देत राहते, म्हणून घसा मिटत नाही. पहिली काही वर्षं दोघंही छान झोपली. मग मशीन म्हातारी झाली.

काका जन्मभर राइस मिलमध्ये फिटर होते. वस्तू मेल्याशिवाय टाकायची नाही आणि मेली तरी एकदा उघडून बघायची, हा त्यांचा धर्म. मास्कचा पट्टा सैल झाला, तर त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मशीन कण्हायला लागली, तर तिच्याखाली पोत्याची घडी ठेवली. पुढे तिच्या पडद्यावर रोज इंग्रजीत सूचना यायला लागली, की मोटरचं ठरलेलं आयुष्य संपलं. काकांनी त्या सूचनेवर काळी टेप चिकटवली. अशा माणसापुढे डोकं आपटलं तर आपलंच फुटतं.

मशीन तपासणाऱ्याने दाब कमी पडतो म्हणून सांगितलं. नागपूरचा मुलगा, उमेंद्र, नवी घेऊन देतो म्हणाला. काकांचं उत्तर एकच, "चालून राहिली ना?"

काकू काही बोलत नव्हत्या, नुसत्या जाग्या राहत. मशीनचं कण्हणं थांबलं की काकांना हलवत. कण्हणं चालू असलं, तरी आत श्वास आहे की नुसती मोटर फिरते आहे, हे बघायला त्यांच्या छातीवर हात ठेवत. पहाटे सडा टाकायला बाहेर येत, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले असत. मला काकांपेक्षा त्यांचाच राग जास्त येई. एवढं कशाला सोसायचं?

यंदा धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत काका दिवसाही पेंगू लागले. एकदा मोटारसायकलवर डुलकी लागली आणि गाडीसकट धानाच्या बांधीत, चिखलात गेले. नशीब, खरचटण्यावर निभावलं. धुऊन-पुसून ओट्यावर बसवलं, तर म्हणतात कसे, ब्रेक ढिले होते. ब्रेक त्यांनीच आदल्या दिवशी नीट केलेले.

काकू पाण्याची बादली तशीच हातात धरून गोठ्याकडे बघत राहिल्या. तिथे त्यांचा म्हातारा बैल रवंथ करत बसला होता. कितीदा गिऱ्हाईक आलं, पण काकांनी त्याला विकलं नाही.

"तो बइल थकला, तं तुमी त्याले इकलं नाही," काकू म्हणाल्या. "पन त्याच्या मानेवरचं जू तं काढलं ना? मंग त्या मशीनले काऊन जुपून ठेवलं?" मग बादली खाली ठेवली. "आन् मले बी? मी थकली आता."

संध्याकाळी काकांनी स्वतःच उमेंद्रला फोन लावला.

नवी मशीन आली. जुनीवरची टेप काकांनी नखाने खरवडून काढली, तिला पुसलं आणि गोठ्यातल्या फळीवर, बैलाच्या शेजारी ठेवली. नवीला आवाजच नव्हता. पहिल्या रात्री त्यामुळे काकू उलट जास्तच घाबरल्या आणि बसून राहिल्या, असं त्यांनी मला सांगितलं.

दुसरी रात्र गेली, सकाळी ऊन अंगणात आलं, तरी त्यांचं दार बंद. सडा नाही, चूल नाही. मी जाऊन दार वाजवलं.

काकांनी उघडलं. हातात चहाचं भांडं होतं, अर्धा चहा उतू गेलेला.

"हळू, बाई," ते म्हणाले. "झोपून राहिली ते."

आत काकू भर उजेडात, तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. छपरावरून गावच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांचं विमान घोंघावत गेलं, तरी त्यांची पापणी हलली नाही. काकांनी चहा तसाच ठेवला, उशाशी जाऊन बसले आणि काकूंचा श्वास चालू आहे ना, हे वाकून बघत राहिले.