नळी म्हणजे तांब्याची

आमच्या फ्रीजवाल्याला बोलायचं म्हणजे कोण संकट. मुका नव्हता, पण वीस वर्षांत माझ्याशी जेवढं बोलला तेवढं माझी बायको एका चहात बोलते. त्याचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान, माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं. मध्ये एक पातळ भिंत. दुकानामागच्या खोलीत ते नवराबायको राहायचे. मुलगी नोकरीला दूरच्या शहरात.

तिचा दर रविवारी फोन यायचा. हा म्हणायचा, "बरी आहेस ना? थांब, आईला देतो." संपलं. मग ती आईच गेली, आणि फोन द्यायला घरात कुणी उरलं नाही. पुढचे कितीतरी रविवार बापलेक "हं" आणि "बरं" करून फोन ठेवायचे. मला भिंतीपलीकडून ते ऐकवत नसे.

मुलगी मात्र हुशार. सुट्टीत आली ती एक काचेची टाकी घेऊन, आणि टाकीत क्रेफिश. गोड्या पाण्यातला बोटाएवढा निळसर प्राणी, पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या. "बाबा, मला तिकडे सांभाळायला जमत नाही. तुम्ही बघा ना." धडधडीत खोटं. पण ते फळलं. आता फोन वाजला की हा सुरू: आज वाटाणा ओढत नेला, आज माझ्यावर नांगी उगारली, माझ्यावर! हात ग्रीसने भरलेले असायचे, म्हणून फोन स्पीकरवर. एकदा वीस मिनिटं बोलला. मी घड्याळ बघत होतो.

एका सकाळी तो पांढराफटक होऊन माझ्याकडे आला. तळहातावर क्रेफिश, निपचित. "गेला," म्हणाला. मी चष्मा लावून पाहिलं तर आत काहीच नाही, नुसतं पोकळ कवच. साहेब टाकीत फिल्टरमागे दडून बसले होते.

"अरे, कात टाकलीये त्याने. नांगी नाही टाकलेली!"

बायको गेल्यानंतर त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. रविवारी मुलीने समजावलं, "ते कवच परत पाण्यात टाका, तो तेच खातो. आणि कात टाकली की अंग मऊ असतं, तेव्हा लपायला जागा लागते. एखादी नळी ठेवा आत."

ती नळी म्हणाली. जन्मभर फ्रीज उघडणाऱ्या माणसाला नळी म्हणजे तांब्याची. मोठ्या एसीची जाडजूड नळी त्याने निवडली, वीतभर कापली, क्रेफिशला खरचटू नये म्हणून आतल्या कडा कानशीने घासल्या, आणि घासूनपुसून लख्ख केली. "बायकोला कधी बांगडी तरी केलीस का अशी?" मी चिडवलं. आज आठवलं की जीभ चावतो. क्रेफिश लगेच आत शिरला. "आवडली," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी क्रेफिश उताणा पडला. हा खूश. "पुन्हा कात!" दोन दिवस त्याने हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी वास आला.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे नळी नेली, तर त्याने कपाळावर हात मारला. "तांबं? ते पाण्यात उतरतं हो. या कवचवाल्यांना विषच ते."

रविवारी फोन आला आणि मी भिंतीला कान लावला. "मजेत आहे," तो म्हणाला. "आज दोन वाटाणे खाल्ले." असे चार रविवार. रिकाम्या टाकीकडे बघत हा माणूस इतकं रंगवून बोलायचा की मला संताप यायचा आणि रडूही. शेवटी मीच भडकलो, "लेकीला किती दिवस फसवणार?"

पाचव्या रविवारी त्याने सांगून टाकलं. "तो गेला गं. महिना झाला. मी तांब्याची नळी ठेवली होती." नळी ठेवायला तीच म्हणाली होती, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

"महिना? मग दर रविवारी तुम्ही..."

"आपल्याला दुसरं काय होतं बोलायला? तू फोन करणं बंद करशील म्हणून."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तो एक कॉम्प्रेसर उघडून बसायचा आणि तसाच परत बंद करायचा. तिसऱ्या रविवारी मी काही विचारायला गेलो, तर तो फडक्याने एकेक बोट पुसत होता. मग त्याने फोन उचलला आणि सवयीने स्पीकरवरच नंबर लावला. लेकीला त्याने स्वतःहून केलेला तो पहिला फोन.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे," तो म्हणाला. मला वाटलं, आता ठेवतो. "सांगायला काहीच नाहीये गं. तरी केला."

पलीकडे ती हमसून रडायला लागली. त्याने स्पीकर बंद करून फोन कानाशी घट्ट धरला, आणि मला बाहेर जायची खूण केली.