शेवटचा हौद

समजा, तुम्ही घोडीवर बसला आहात. पहाटेपासून बहात्तर किलोमीटर झालेत, आठ उरलेत. वाटेतल्या शेवटच्या हौदावर तुमची घोडी पोटभर प्यायली आहे आणि मागून आलेला दुसरा घोडा नुकता पाण्याला तोंड लावतोय. तुम्ही काय कराल? थांबाल. घोडा कळपातलं जनावर. सोबतचं जनावर निघालं की तहान विसरून मागे धावतो. म्हणून शेवटच्या घोड्याचं पिऊन होईपर्यंत कुणी हलायचं नाही. लांब पल्ल्याच्या स्वारांमधला हा न लिहिलेला नियम.

नालबाईला तो सांगायची गरज नव्हती. सासऱ्यांच्या हाताखाली ती नाल ठोकायला शिकली, त्याला बावीस वर्षं झाली. धाकट्या जावेला तर रिकिबीत पाय ठेवण्यापासून सगळं तिनंच शिकवलेलं. धाकटी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी. पाच वर्षांपूर्वी घोडा फुरफुरला तरी दोन पावलं मागे सरायची. आणि आता या ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीत सलग तीन वर्षं पहिली! दुसरी कोण, ते सांगायला नको. तिन्ही करंडक सासूबाईंनी टीव्हीशेजारी मांडले होते. घरभर फडकं फिरवणारी नालबाई तेवढा कोपरा वगळायची.

"ताईंनी ठोकलेल्या नालांची कमाल हो सगळी," धाकटी चारचौघांत म्हणायची.

"मग करंडकही मलाच दे की," नालबाई हसून म्हणायची, आणि आत काहीतरी तिरक्या खिळ्यासारखं शिरायचं.

यंदा शेवटच्या हौदावर नालबाई आधी पोहोचली. तिची घोडी पिऊन मान वर करते न करते, तोच धाकटी आली.

"थांबा हं ताई, याला पिऊ दे जरा."

घोड्यानं ओठ टेकवले. नालबाईनं त्याच्या पायांकडं पाहिलं. चारही नाल तिच्याच हातचे, एकही खिळा हललेला नाही. तिनं टाच मारली.

मागून टापांची धडपड ऐकू आली, मग धाकटीचा आवाज, "अरे, पी ना रे राजा!" नालबाईनं वळून पाहिलं नाही.

ती पहिली आली. धाकटी बऱ्याच वेळानं आली, तीही घोड्याचा लगाम धरून, पायी. नियमानं वीस मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्टवर यायला हवे होते; बहात्तरच्या खाली उतरेनात. घोडा बाद. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण.

"शेवटच्या हौदावर पाणी नाही पाजलंत?"



"माझीच घाई झाली, डॉक्टर," धाकटी म्हणाली आणि बादली आणायला गेली.

"हरली तरी कुणाला बोल नाही लावला," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गुणाची गं पोर!"

करंडक नालबाईच्या काखेत होता. त्याच्याकडं कुणी बघतही नव्हतं. इथंही धाकटीच पहिली!

घोडा दोन दिवसांत सावरला. महिन्याभरानं धाकटी त्याला नाल बदलायला घेऊन आली, नेहमीसारखी बडबडत. नालबाईनं त्याचा खूर मांडीवर घेतला आणि खाली मान घालून कानस चालवत राहिली. मनात एकच प्रश्न होता. मी मुद्दाम निघाले हे कळूनही तू मला पाठीशी घातलंस, की ताई असं करेल हे तुझ्या मनातच आलं नाही?