उकडलेल्या भाजीचं पाणी

सुभद्राबाईंनी जयवंताला पहिल्यांदा नीट पाहिलं ते स्वतःच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, दर्यापूरच्या सासरघरी. नव्या नवरीनं वांग्याची भाजी केली होती. नवऱ्यानं, किसनरावांनी, भाकरीचा तुकडा मोडला आणि समोर बसलेल्या पंधरा वर्षांच्या बहिणीकडे पाहिलं. जयवंतानं एक घास खाल्ला, मान हलवली, मग किसनराव जेवायला लागले. बाकी कुणाच्या हे ध्यानातही आलं नाही. सुभद्राबाईंना मात्र तेवढं मान हलवणं मनात सलायला अडतीस वर्षं पुरलं.

पुढे किसनराव एसटीत मेकॅनिक होऊन अमरावतीला आले. जयवंता अकोल्याला दिली. तिचा नवरा मधुमेहानं आणि मग किडनीनं नऊ वर्षं आजारी होता. त्याचं पथ्य तिनं एकटीनं सांभाळलं. चार वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून ती मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते.

गेल्या वर्षी किसनरावांच्या साखरेनंही किडनी धरली. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद लिहून दिला. मीठ अगदी थोडं, वरण एकच लहान वाटी, पालक-टमाटे बंद, संत्रं बंद. शेंदूरजनाघाटच्या व्याह्यांनी पाठवलेली संत्र्याची पेटी शेजारी वाटून टाकावी लागली. सुभद्राबाईंनी कागदाप्रमाणे रांधलं. किसनरावांनी ताट सरकवलं.

"हे काय जेवन आहे? दवाखान्यातलं बरं!"

मुलानं, कुलदीपनं, आत्याला फोन केला. वसतिगृहाला दिवाळीची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी जयवंताबाई पिशवी घेऊन दारात हजर.

त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी होती. बटाटा पातळ चिरून दोन तास पाण्यात ठेवायचा, मग भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी मोरीत ओतायचं आणि भाजीला जिरं, आलं, लिंबाचे चार थेंब लावायचे. दुधीचंही तेच, कोबीचंही तेच. तोंडानं फार बोलायच्या नाहीत. आणि किसनराव मुकाट्यानं जेवायचे. वर म्हणायचे, "पाह्य सुभद्रा, बिनमिठाचंही गोड लागते."

सुभद्राबाई पदरानं ओटा पुसत राहायच्या. आधीच पुसलेला ओटा.

सुट्टी संपली. जयवंताबाई आता फक्त रविवारी येणार होत्या. जाताना बजावून गेल्या, "वहिनी, उकडीचं पानी फेकाचं बरं."

"मले येते स्वयंपाक, जयवंताबाई."

सोमवारी सुभद्राबाईंनी सगळं तसंच केलं. चिरलं, भिजवलं, उकडलं. पण पातेलं मोरीपाशी नेलं आणि हात थांबला. त्यांच्या सासूबाई पुरणाच्या डाळीचं पाणीसुद्धा वाया जाऊ देत नसत, त्याची आमटी होई. भाजीचं सत्त्व मोरीत ओतणारी बाई त्यांनी घरात टिकू दिली नसती. शिवाय या पाण्यात ना मीठ, ना साखर. काय बिघडणार? त्यांनी ते वरणात ओतलं.

किसनरावांनी वाटी चाटून पुसून संपवली. "आज खरी चव आली! जयवंताले सांगू नको, पन तिच्यापेक्षा चांगलं झालं."

सुभद्राबाईंचा दिवस सोन्याचा गेला. मग मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. रविवारी नणंद बटाट्याचं पाणी ओतून द्यायची, तेव्हा त्या दारात उभ्या राहून मनात हसायच्या.

महिन्यानं रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला. "पोटॅशियम सहाच्या वर गेलंय. यानं हृदय थांबू शकतं. आज भरती व्हावं लागेल. यांचा आहार कोण बघतं?"

"मी पाहते. पथ्य मीच शिकवलं," जयवंताबाई म्हणाल्या. त्या दिवशी मुद्दाम सुट्टी काढून आल्या होत्या.

डॉक्टर त्यांनाच रागावले. किसनरावांना आत नेलं आणि दोघी बाहेर बाकावर बसल्या. जयवंताबाई बोटांवर मोजत पुटपुटत होत्या, "बटाटा भिजवला... दुधी उकडला... केळं नाही, नारळपानी नाही..." मग म्हणाल्या, "वहिनी, मंग माह्या नवऱ्याच्या टायमालेही माह्याच हातानं काही चुकलं असन का वो? नऊ वर्सं मीच खाऊ घातलं."

सुभद्राबाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं.

"तुमच्या हातानं नाही. मी चुकली. ते पानी मी वरनात टाकत होती."

"कोनतं पानी?"

"उकडीचं. रोज."

जयवंताबाई त्यांच्याकडे वळल्या. "बाप्पा! अवो, भाजीतलं पोटॅशियम त्या पान्यातच तर उतरते. म्हनून तर उकडतो! काहून केलं असं?"

"ते तुमच्या हातचं गोड म्हनते. माह्या हातचं सरकवते. लय जीव जळे माहा."

जयवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले. ते अश्रू रागाचे होते की सुटकेचे, सुभद्राबाईंना कळलं नाही. मग जयवंताबाई उठल्या आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागल्या.

"चाला, आधी त्यायले सांगा. त्यायले कारन समजू द्या." दोन पावलं जाऊन थांबल्या. "अन् वहिनी, मानूस पाहुनीपुढं शहान्यावानी जेवते. तोंड वाकडं घरच्यापुढंच करते. माहा नवरा नऊ वर्सं करत होता. माही नणंद आली का वाटी चाटे."

चार दिवसांनी किसनराव घरी आले. पुढच्या तपासणीत पोटॅशियम ताळ्यावर आलं. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. सुभद्राबाई आता रोज उकडीचं पाणी मोरीत ओततात, आणि ओतताना अजूनही तोंड फिरवतात. किसनराव पहिला घास घेऊन कुरकुरतात. रविवारी मात्र कुरकुर नसते, आणि ते सुभद्राबाईंना अजून खुपतंच.

जयवंताबाई अकोल्यात दीडशे मुलींचा स्वयंपाक करतात. रविवारी सकाळच्या बसनं अमरावतीला येतात, ओट्याला हात लावत नाहीत, भावाशेजारी बसून त्याच्याच पथ्याचं जेवतात आणि पाचच्या बसनं परत जातात.