साडीतले बाप्ये

मी चौथीपर्यंत शिकलो. मराठी आईने घरी शिकवली, बंगाली शाळेत आली. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या हेड ऑफिसात शिपाई होते, म्हणून आम्ही कोलकात्याचे झालो. शिक्षण नाही, पण साडी नेसवण्यात या शहरात माझा हात धरणारा कोणी नाही. ज्याला पटत नाही त्याने टॉलीगंजच्या स्टुडिओत येऊन बघावं. मात्र आजवर मी ज्या साड्या नेसवल्या, त्या सगळ्या बाप्यांना.

टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचा मी ड्रेसर. आमच्याकडे सासू बाप्या, सून बाप्या, नर्स बाप्या, कामवालीही बाप्याच. छातीला स्पंज, कमरेला उशी, वर साडी नाहीतर नायटी. तो नुसता चालत आला की लोक हसतात. लेखकाचं निम्मं काम माझी उशीच करते.

लेखकांच्या टेबलावरही सगळे पुरुष. गेल्या वर्षी तिथे एक मुलगी आली आणि ती आपली मराठी निघाली. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी अडखळत बोलते. मला म्हणाली, "काका, तुम्ही बस ना." मला बरं वाटलं. बाकी सगळे मला दादू म्हणतात, बंगालीत दादू म्हणजे आजोबा.

टेबलावर तिला सुरुवातीला एकच काम. "दिदी, कॅन्टीनला जरा चहा सांग ना." ती म्हणायची, "सांगते, माझं वाचून झालं की." मग चहा उशिरा यायचा आणि सगळे कुरकुरायचे.

एकदा तिने एक स्किट वाचलं. बाई आजारी आहे, नवरा तिला डॉक्टरकडे आणतो आणि डॉक्टर सगळं नवऱ्यालाच विचारतो. यांचं कुठे दुखतं, झोप लागते का. बाई शेजारी बसलेली, तिला कोणी विचारत नाही. टेबल हसलं. दिग्दर्शक म्हणाले, "दारुण!" बंगालीत दारुण म्हणजे फक्कड. "आमच्या हिरोईनला दे."

हिरोईन म्हणजे आमचा तो जाडा नट. सगळ्या बायका तोच करतो. घरी दोन पोरांचा बाप.

"ही बाई मी करणार," मुलगी म्हणाली.

"बाईनेच बाई केली तर लोकांनी हसायचं कशाला?"

"लिहिलेल्याला."

दिग्दर्शक हसले. नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे नाही कोणी म्हणतच नाही, ते काम मॅनेजर करतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो तिला म्हणाला, "दिदी, फ्लोअरवर बायकांची खोली नाही. लेडी ड्रेसर नाही. तुम्ही कपडे बदलणार कुठे? तुमच्या भल्यासाठीच सांगतो." मी बाजूला इस्त्री करत होतो. माझ्याकडे वळून म्हणाला, "दादू, गोदामातून हिरोईनची नायटी काढ."

गोदाम! रंगानुसार हँगर लावलेले, डांबराच्या गोळ्या घातलेल्या, रोज सकाळी मी स्वतः झाडतो ती खोली.

"गोदाम कुणाला म्हणतोस रे?"

"अरे दादू, बोलायची पद्धत."

"खोली आहे ती. दार आहे, कडी आहे, आरसा आहे. पोरगी तिथे बदलेल."

"आणि साडी कोण नेसवणार? तू?"

"तिला हात आहेत."

मुलगी हळूच मराठीत म्हणाली, "काका, माझ्यासाठी तुम्ही भांडू नको."

"तुझ्यासाठी कोण भांडतंय? आत जा. निळ्या काठाची घे, परीटघडीची आहे."

तिने कडी लावली. मी दाराला पाठ लावून स्टुलावर बसलो. मॅनेजर फोनवर बोलत निघून गेला. थोड्या वेळाने हिरोईन आला, तोंडाला पावडर लावलेला. "दादू, माझी उशी आत आहे."

"असू दे."

"शो आहे माझा!"

"मग आहे तसा जा."

दिग्दर्शकही आले. तोवर प्रेक्षक बसले होते. पहिल्या रांगांत मुद्दाम बायका बसवतात, हसणारी बाई कॅमेऱ्यात छान दिसते म्हणून. दिग्दर्शकांनी घड्याळ बघितलं आणि मला विचारलं, "दादू, हिला जमेल का?"

आतून आवाज आला, "मला विचारा की! इथेच आहे मी!"

हिरोईन फस्सकन हसला. दिग्दर्शकही हसले असावेत, तोंड फिरवलं होतं. हिरोईनला म्हणाले, "ठीक. तू नवरा कर. पण लोक हसले नाहीत तर स्किट कापणार, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"पँट घालून मी इथे कधी उभाच राहिलो नाही रे," हिरोईन मला म्हणाला. खरंच घाबरला होता.

मुलगी स्टेजवर आली, कोणी हसलं नाही. कसं हसणार, साधी बाई साडी नेसून आलेली. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

डॉक्टरने नवऱ्याला विचारलं, "जेवण जातं का यांना?"

"काय माहीत," हिरोईन म्हणाला. "ती आमच्यानंतर जेवते."

मुलीने फक्त प्रेक्षकांकडे बघितलं. पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई शेजारणीच्या मांडीवर थाप मारून हसली. मग ती सगळी रांग. मागचे पुरुष आधी बायकांकडे बघत होते, मग तेही हसले. शेवटी तिने तोंडातलं थर्मामीटर काढून नवऱ्याच्या तोंडात कोंबलं आणि डॉक्टरला म्हणाली, "हं, आता मला विचारा." टाळ्या थांबेनात.

स्किट कापलं नाही.

ती खोलीत परत आली तेव्हा घामाने भिजली होती. "काका, कसं झालं?"

"निऱ्या वाकड्या होत्या."

"लोक हसले ना पण!"

"हसले. निऱ्या वाकड्याच होत्या."

"मग शिकवा. पुढच्या आठवड्यात परत आहे, आत्ताच सांगितलं दिग्दर्शकांनी." मग म्हणाली, "मी म्हटलं, टेबलावर अजून एक मुलगी घ्या. तर म्हणाले, एक आहे की."

"मग?"

"मग काय. उद्या परत विचारणार."

मी बाईमाणसाला साडी नेसवत नाही, नेसवणारही नाही. म्हणून ती कपडे बदलून आल्यावर हिरोईनला हाक मारली. तो पँटवरच उभा राहिला, मी त्याला निऱ्या घालून दाखवल्या आणि ती बघून बघून आपल्या ओढणीवर घालत होती.

"काम गेलं," हिरोईन हात वर करून म्हणाला, "साडी काही सुटली नाही."

"हलू नकोस," मी म्हटलं.