पंधरा दिवसांची गोळी, चार वर्षं

माझ्या आईवर, कानडी वस्तीच्या चिकपेटात घरी बसून साड्यांना फॉल लावणाऱ्या सुमित्रावर, अन्याय झाला तो १९९३च्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. छातीत धडधडतं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी मान वर न करता अल्प्राझोलाम लिहिली. म्हणजे चिंता दाबणारी, मेंदूला सुस्तावणारी गोळी. पंधरा दिवसांसाठी. हिची सवय लागते, एवढं सांगायला त्यांची जीभ वळली नाही.

आईला आराम पडला. चिठ्ठी फाटू नये म्हणून मीच ती लॅमिनेट करून आणली. केवढा शहाणा मुलगा! औषध दिलं की दुकानदाराने चिठ्ठीवर शिक्का मारायचा असतो, म्हणजे तीच चिठ्ठी पुन्हा चालत नाही. प्लास्टिकवर शिक्का धरत नाही. आमची चिठ्ठी चार वर्षं कोरी करकरीत राहिली, आणि कोपऱ्यावरचा औषधवाला अण्णा खूश. "अक्का, एकीने झोप येईना? स्वल्प वाढवा. सगळेच घेतात."

एकीच्या चार झाल्या. आई फॉल उलटा लावू लागली, बोलता बोलता शब्द विसरू लागली. मी संतापून सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या. तिसऱ्या दिवशी तिला चुलीपुढेच फिट आली.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे विथड्रॉवल." म्हणजे सवयीचं औषध एकदम तोडलं की शरीर उसळतं. "अशी तोडतात का? जीव गेला असता त्यांचा."

त्यांनी व्यसनमुक्ती विभागात बोलावलं. बाकावर दारू सोडायला आलेले पुरुष बसलेले. आई ताडकन उठली. "मी काय दारुडी आहे होय रे? गल्लीत कळलं तर?"

बाई दारातूनच म्हणाल्या, "अक्का, आजार त्यांचाही आहे, तुमचाही. तुमचा तर आम्हा डॉक्टरांनीच लिहून दिला. लाज आम्ही धरायची. बसा."

आई बसली.

पाव-पाव गोळी कमी करत सात महिने गेले. घाम, थरथर, झोप नाही. तिने मला शिव्या घातल्या, मी खाल्ल्या. आता ती एकही गोळी घेत नाही. धडधड अजून येते कधीतरी. ती भिंतीला टेकून बसते, ओसरली की सुई उचलते.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पहिल्या डॉक्टरांना आणि अण्णाला माफी नाही. मलाही नाही.

तुमच्या घरात अशी गोळी चालू असेल तर माझ्यासारखी फेकू नका. उद्या डॉक्टरांपुढे बसा आणि विचारा, ही बंद कधी करायची आणि कशी? उत्तर कागदावर लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.